नऊ व्होल्टचा माज

साहित्य : नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी एक, ७८०५ एक, कपॅसिटर दोन, यूएसबीचं सॉकेट एक, साबणाची रिकामी डबी एक. कृती : सीनिअरच्या फाईलमधून छापणे.

मित्रहो, ही पाककृती आपल्या हॉस्टेलमध्ये कुणाला शिकवावी लागत नाही. ड्रॉईंगच्या शीटची जशी काचेवर जीटी मारतो, तशीच या सर्किटची वर्षानुवर्षं जीटी चालू आहे. एफईचा प्रत्येक हौशी पोरगा (इलेक्ट्रॉनिक्सचा असो की मेकॅनिकलचा) एकदा तरी हा 'पोर्टेबल चार्जर' बनवतो. फोन लावला, स्क्रीनवर चार्जिंगचं चिन्ह लुकलुकलं, की अख्ख्या विंगला ओरडून बोलवायचं. मग मेसमध्ये आठवडाभर कॉलर ताठ.

मीसुद्धा बनवला. माझी कॉलर तर जरा जास्तच ताठ होती, कारण मी तो कुणाला दाखवायला नाही, कामासाठी बनवला होता. आमचं गाव परभणी जिल्ह्यात. हरभरा भरात आला की रानडुकरं रात्रीत वावर साफ करतात, म्हणून आजोबा (आम्ही त्यांना आबा म्हणतो) जागलीला आखाड्यावर राहतात, कधी कधी सलग दोन-तीन दिवस. आखाड्यावर लाईट आहे म्हणायला आहे, पण ती मोटारीची, आणि तीही आलटून-पालटून ठराविक तासच. आबांच्या बटणाच्या फोनची बॅटरी म्हातारी झालेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन मान टाकतो. गेल्याच्या गेल्या दिवाळीत, म्हणजे मी एसईला असताना, सुट्टीला जाताना मी ती साबणाची डबी बरोबर नेली. अंगणात सगळ्यांसमोर फोन लावला. चिन्ह लुकलुकलं. आईने डोळ्यांनी पाहिलं, चुलत्यांनी मोबाईलवर फोटो काढला, आबा म्हणाले, "भरायला लागला की रं फोन!" पाच मिनिटांनी मी वायर काढली. बस्स. एवढीच टेस्टिंग.

डिसेंबरअखेरीस एका रात्री आबांनी आखाड्यावर फोन डबीला लावला. चिन्ह आलं. चार्जर आहे म्हटल्यावर माणूस निर्धास्त होतो. त्यांनी त्या रात्री बॅटरी (आमच्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात) घरीच ठेवली होती आणि फोनचाच उजेड वापरत होते. मध्यरात्रीनंतर कधीतरी डुकरांचा आवाज आला म्हणून उठले आणि पाण्याच्या चारीत पाय जाऊन पडले. घोटा मोडला. फोन खिशात होता, पण बंद. डबीही खिशात होती. चुलते सकाळी सहाला चहा घेऊन गेले तेव्हा आबा चारीच्या कडेला थंडीने काकडत बसलेले. सहा आठवडे प्लास्टर.

मी शनिवारी गावी पोचलो. आबा रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. एवढंच म्हणाले, "आरं, तुझी डबी भरतंय म्हून दावत होती की. मला काय ठावं, नुसतं दावतंय म्हून?"

आता यात योगायोग किती आणि माझी चूक किती, यावर रूमवर बरीच चर्चा झाली. रूममेट म्हणाला, चार्जर नसता तरी फोन बंदच पडला असता. खरं आहे. पण चार्जर नसता तर आबांनी घरून बॅटरी नेली असती, फोन जपून वापरला असता. न चालणाऱ्या वस्तूपेक्षा चालतेय असं वाटणारी वस्तू जास्त घातक, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. म्हणून हा लेख.

परत आल्यावर मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. नवी कोरी अल्कलाईन बॅटरी आणली, तेच सर्किट घेतलं, आणि फोनच्या जागी १२ ओहमचा पाच वॅटचा सिमेंटचा रेझिस्टर लावला. पाच व्होल्टला त्यातून साधारण ४१७ मिलिअँपिअर जातात, म्हणजे साधा फोन चार्ज होताना घेतो त्याच्या आसपास. एका हातात मल्टिमीटर, दुसऱ्या हातात घड्याळ. सतराव्या मिनिटाला बॅटरीचा व्होल्टेज ७ च्या खाली आला. ७८०५ ला आऊटपुटपेक्षा वर अंदाजे दोन व्होल्ट लागतात; ७ च्या खाली गेलं की आऊटपुट पाचावर टिकत नाही, तोही घसरायला लागतो आणि थोड्या वेळाने फोन चार्जिंग घेणं सोडतो. सतरा मिनिटांत किती गेलं? ११८ एमएएच. फोनची बॅटरी १००० एमएएचची. म्हणजे जेमतेम बारा टक्के. आणि त्यासाठी एक अख्खी बॅटरी कचऱ्यात.

आता यातली लाज वाटावी अशी गोष्ट सांगतो. एसईच्या ओरलला एक्स्टर्नल सरांनी मला विचारलं होतं, "७८०५ चा ड्रॉपआऊट व्होल्टेज किती?" मी ताडकन म्हणालो, "दोन व्होल्ट, सर." सर खूश, मी खूश, मार्क चांगले. त्याच वेळी माझ्या कपाटात ती डबी पडून होती! त्या दोन व्होल्टचा आणि माझ्या डबीचा काही संबंध आहे, हे डोक्यातच आलं नाही. ओरलचं उत्तर ओरलच्या कप्प्यात, आणि डबी डबीच्या कप्प्यात.

गणित तर बारावीचंसुद्धा नाही. ७८०५ हा लिनिअर रेग्युलेटर. तो जितका करंट बाहेर देतो तितकाच (अधिक स्वतःला लागणारे थोडे मिलिअँपिअर) आत घेतो. नऊतून पाच वजा केले की उरलेले चार व्होल्ट तो उष्णता करून हवेत सोडतो. ४०० मिलिअँपिअरला बॅटरी देते ३.६ वॅट, फोनपर्यंत पोचतात २, बाकीच्या १.६ वॅटवर तुमचं बोट भाजतं. (हीट सिंक न लावता त्या आयसीला हात लावून बघा. नको, बघू नका.) आणि ती चौकोनी बॅटरी म्हणजे काय? आत दीड-दीड व्होल्टचे सहा चिमुकले सेल एकापुढे एक. रिमोटमधल्या पेन्सिल सेलपेक्षाही बारीक. नऊ हा आकडा मोठा दिसतो म्हणून आपण फसतो. स्मोक डिटेक्टर, मल्टिमीटर अशा चिमूटभर करंट घेणाऱ्या उपकरणांसाठी ती बॅटरी आहे. तिच्याकडून अर्धा अँपिअर मागणं म्हणजे सायकलला ट्रॉली जोडणं.

असो. दुसरा चार्जर करायला घेतला तेव्हा थोडं वाचलं. या विषयात नाव घ्यावं असं एक सर्किट आहे, 'मिंटीबूस्ट'. अमेरिकेतल्या लिमोर फ्रीड या इंजिनिअरबाईंनी २००६ साली ते केलं आणि सर्वांसाठी खुलं ठेवलं. पेपरमिंटच्या गोळ्यांची पत्र्याची डबी, त्यात फक्त दोन एए सेल आणि एक बूस्ट कन्व्हर्टर. म्हणजे आपल्या बरोबर उलटं. आपण नऊ घेऊन चार जाळतो, त्यांनी तीनपेक्षाही कमी घेऊन ते पाचावर चढवले. बूस्ट कन्व्हर्टर कॉईलमध्ये क्षणभर ऊर्जा साठवतो आणि वरच्या व्होल्टेजला सोडतो. हे सेकंदाला हजारो-लाखो वेळा. व्होल्टेज वाढतो, करंट त्या प्रमाणात कमी होतो, नुकसान साधारण दहा-वीस टक्के. आणि मुख्य म्हणजे सेल खाली जात असताना तो शेवटपर्यंत त्यांना पिळून घेतो.

मी दोनाऐवजी तीन सेल घेतले, रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राईडचे, एए आकाराचे, २००० एमएएच. आधी कागदावर : १.२ गुणिले ३, म्हणजे ३.६ व्होल्ट. गुणिले २ अँपिअर-अवर, ७.२ वॉट-अवर. कन्व्हर्टरमध्ये पंधरा टक्के गेले धरले तर ६.१. भागिले ५, म्हणजे यूएसबीला सुमारे १२२० एमएएच. आबांचा फोन एकदा पूर्ण भरतो. कसाबसा, पण भरतो. मग तोच १२ ओहमचा रेझिस्टर लावून बसलो. सेल ३ व्होल्टपर्यंत उतरायला २ तास ४५ मिनिटं लागली, म्हणजे ११४६ एमएएच. कागदाच्या आकड्याशी फार फरक नाही. खरं सांगतो, चिन्ह लुकलुकल्याचा जो आनंद झाला होता, त्यापेक्षा हा वेगळा होता. तो लवकर विरला नाही.

ज्यांना करायचा आहे त्यांच्यासाठी ठेचा खाऊन शिकलेल्या दोन-तीन गोष्टी. बाजारात जे छोटे बूस्ट बोर्ड मिळतात, त्यांवर व्होल्टेज सेट करायचा पितळी स्क्रू असतो. बोर्ड नवा आला की तो कुठे सेट आहे याचा भरवसा नाही. काही बोर्ड २८ व्होल्टपर्यंत जातात. आधी मल्टिमीटर, स्क्रू फिरवून ५ व्होल्ट, मग फोन. शेजारच्या रूममधल्या एकाने क्रम उलटा केला आणि फोन गमावला. दुसरं, यूएसबी सॉकेटमधल्या मधल्या दोन पिना, म्हणजे डेटाच्या, एकमेकींना जोडून टाका. त्यावरून फोनला कळतं की समोर कॉम्प्युटर नाही, चार्जर आहे. नाहीतर काही फोन अगदी थोडा करंट घेतात किंवा घेतच नाहीत. माझी एक संध्याकाळ यात गेली. तिसरं, स्विच लावा. फोन भरला की बंद करायचा, कारण सेल एका मर्यादेखाली पिळले की त्यांचं आयुष्य संपतं, आणि कन्व्हर्टरला थांबायचं कळत नाही.

आता तुम्ही विचाराल (आमच्या एचओडी सरांनी विचारलंच), एवढी उस्तवार कशाला? बाजारात पॉवर बँक हजाराच्या आत मिळते. माझा खर्च सेल आणि त्यांचा चार्जर धरून नऊशे झाला! प्रश्न रास्त आहे. स्मार्टफोनसाठी तर माझा चार्जर जवळपास निरुपयोगी आहे : ५००० एमएएचची बॅटरी म्हणजे सुमारे १९ वॉट-अवर, माझे तीन सेल देतात सहा. तिथे पॉवर बँकच घ्या, आणि घेताना बीआयएसचा नोंदणी क्रमांक छापलेला आहे का ते बघा. त्यावर लिहिलेले १०,००० एमएएच आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचे असतात, बाहेर पाच व्होल्टला सहा-साडेसहा हजारांच्या आसपासच मिळतात, हेही लक्षात असू द्या. नंतर दुकानदाराशी भांडू नका.

पण आबांच्या आखाड्यावर हिशोब वेगळा आहे. पॉवर बँक संपली की ती भरायला पुन्हा लाईट लागते. माझ्या डबीतले सेल संपले तर गावातल्या किराणा दुकानातून तीन अल्कलाईन सेल आणून टाकता येतात. साधे झिंक-कार्बनवाले घड्याळासाठी ठीक, या लोडला दम तोडतात. एवढी एक गोष्ट आबांना सांगितली, त्यांनी लक्षात ठेवली. शिवाय डबी बिघडली तर मी ती उघडून दुरुस्त करू शकतो. आत काय आहे ते मला माहीत आहे. पॉवर बँकेबद्दल असं म्हणता येईल का?

आता दुखऱ्या विषयावर येतो. गेल्या सेमिस्टरला आपल्या हॉस्टेलमध्ये काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे, नावं घेत नाही. एकाने भंगारातल्या लॅपटॉपच्या बॅटरीतून १८६५० सेल काढले (१८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी, म्हणून ते नाव). एक सेल भरलेला, एक रिकामा, तसेच दोन्ही पॅरलल जोडले, सोल्डरिंग गनने थेट सेलवरच टाके मारले, मध्ये प्रोटेक्शनचं काही नाही, आणि गादीवर चार्जिंगला लावून पोरगा प्रॅक्टिकलला गेला. सुदैवाने शेजारच्याला वास आला. गादी जळाली, भिंत काळी झाली, माणूस वाचला. दुसऱ्या दिवशी नोटीस लागली : रूममध्ये कुठलंही इलेक्ट्रॉनिक साहित्य, सेल, बोर्ड, सोल्डरिंग गन सापडल्यास जप्त. माझे तीन सेल गेले, बोर्ड गेला, मल्टिमीटरसुद्धा गेला.

रेक्टर सरांचा मला राग नाही. शंभरावर पोरांची जबाबदारी ज्याच्या डोक्यावर, त्याने जळकी गादी बघून दुसरं काय करावं? आणि लिथियमच्या बाबतीत तर मी पूर्ण त्यांच्या बाजूने आहे. ही गोष्ट भल्याभल्यांना जमलेली नाही. २००७ साली नोकियाला बीएल-५सी या बॅटरीबद्दल जगभर सूचना काढावी लागली; मात्सुशिता कंपनीने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्ज होताना जास्त तापू शकतात, म्हणून. २०१६ साली सॅमसंगला गॅलेक्सी नोट ७ परत मागवून बंदच करावा लागला. त्यांच्याकडे कारखाने, एक्स-रे मशीन, टेस्टिंगच्या खोल्या. आपल्याकडे कॉटखालची गादी. लिथियम सेल ४.२ व्होल्टच्या वर चढवला, किंवा फार खाली उतरवून पुन्हा जोरात भरला, किंवा शॉर्ट झाला, तर तो नुसता बिघडत नाही, पेटतो. निकेलचा सेलही शॉर्ट झाला तर तापतो, वायर जाळू शकतो, तेव्हा तोही खेळणं नाही. पण त्यात लिथियमच्या सेलसारखं पेट घेणारं द्रावण नसतं. नोटिशीत या दोन्हींना एकाच ओळीत बसवलंय, आणि माझी तक्रार तिथे सुरू होते.

कारण नोटिशीने चार्जर बनणं थांबलेलं नाही. मी पाहतोय ना! पोरं आता दार लावून, खिडकीला चादर टांगून बनवतात. पूर्वी काहीतरी चुकलं तर सीनिअर येऊन शिव्या देत का होईना, दाखवायचा. आता विचारायचीच चोरी. आणि लॅब? लॅब पाच वाजता बंद. दिवसा लॅबमध्ये आपण काय करतो, तर मॅन्युअलमधलं सर्किट किटवर जोडतो (तेही आधीपासून निम्मं जोडलेलं असतं) आणि रीडिंग मागच्या बॅचच्या जर्नलमधून उतरवतो. सप्लाय म्हणजे भिंतीतून येणारा, कधीच न संपणारा. पाच व्होल्ट म्हटलं की पाच, कितीही करंट घ्या. मग बॅटरी नावाची गोष्ट दमते, तापते, संपते, हे शिकायचं कुठे? मी तरी आबांच्या मोडलेल्या घोट्यावर शिकलो. दुसऱ्या कुणावर ती वेळ कशाला?

तेव्हा माझं मागणं एवढंच आहे. आठवड्यातून दोन दिवस प्रोजेक्ट लॅब रात्री नऊपर्यंत उघडी ठेवा. लिथियमचं जे काही करायचं ते फक्त तिथे, पत्र्याच्या पेटीत, बाजूला वाळूची बादली, समोर एक शिक्षक किंवा बीईचा जबाबदार विद्यार्थी. प्रोटेक्शन आणि चार्जिंगचा बोर्ड नसेल तर सेल टेबलावर येणार नाही. रूममध्ये निकेलचे सेल आणि तयार बोर्ड चालू द्या. रात्री थांबायला लॅबच्या मामांना जादा वेळ पडेल, त्याचे पैसे टेक्निकल फेस्टच्या स्टेजवरच्या लायटिंगमधून काढता येतील. आणि सर्वांत महत्त्वाचं : जो चार्जर बनवेल त्याने तो रेझिस्टर लावून, घड्याळ लावून, शेवटपर्यंत रिकामा करून दाखवावा. दर पाच मिनिटांचं रीडिंग एका कागदावर. तो कागद नसेल तर प्रोजेक्ट झाला असं धरू नये. स्पर्धेतसुद्धा परीक्षक चिन्ह लुकलुकलेलं बघून टाळ्या वाजवतात, ते बंद व्हायला हवं. परीक्षकांनाही घाई असते हे मान्य आहे, पण पोरांकडून आधीच कागद मागवला तर त्यांना वाचायला दोन मिनिटं पुरतात.

एचओडी सर 'विचार करू' म्हणाले आहेत. आपल्याकडे 'विचार करू' याचा अर्थ काय होतो हे टीईला आलेल्या माणसाला सांगायला नको, पण त्यांनी कागद ठेवून घेतलाय, परत दिलेला नाही.

आबा यंदाही जागलीला गेले आहेत. नको म्हटलं तरी ऐकत नाहीत. डबी बरोबर आहे, तीन सेल जास्तीचे आहेत, आणि टॉर्चही आहे. ती नेल्याचं आई रोज संध्याकाळी फोनवर कळवते. माझी दोन्ही सर्किटांची रीडिंग नोटीस बोर्डाशेजारी लावायला रेक्टर सरांनी परवानगी दिली आहे. ज्यांना स्वतः मोजून बघायचंय त्यांनी जेवणानंतर रूमवर यावं. १२ ओहमचा रेझिस्टर माझ्याकडे आहे. मल्टिमीटर मात्र आपापला आणा, माझा अजून ऑफिसात जमा आहे.